आईचं हं

अर्धांगवायूनं आईची उजवी बाजू गेली आणि तोंडात एकच आवाज उरला, हं. लांबवलेलं हं म्हणजे पाणी, तुटकं म्हणजे कूस बदल, नाकातून आलेलं म्हणजे तू जेवलीस का. दोन वर्षं मी तिच्या उशाशी होते, माझी चूक व्हायची नाही. नवऱ्यानं टाकल्यापासून मला दुसरं काम तरी कुठं होतं.

माझा भाऊ बन्सीधर म्हणायचा, "माय बोलती कुठं आता? नुसती हुंहुं करायलीय." तो ओसरीवरून जाताना ती त्याला हाक मारायची. हा वळूनसुद्धा बघायचा नाही. माझा तिळपापड व्हायचा, पण ज्याच्या घरात राहायचं त्याला काय बोलणार.

यंदा, शहात्तरच्या चैत्रात, हाच बन्सीधर तलाठ्याला घरी घेऊन आला. ओढ्याकाठची तीन एकर जमीन आईच्या नावावर होती. जीभ चालत होती तेव्हा ती चारचौघांत म्हणाली होती, ती मनकर्णाची. मनकर्णा म्हणजे मी. कागदावर मात्र काहीच नव्हतं, आणि त्या जमिनीशिवाय मला जगात काही नव्हतं.

तलाठी बाजेजवळ बसला. शेजारचे लिंबाजीमामा पंच म्हणून आले होते. तलाठ्यानं विचारलं, "बायनाबाई, जमीन बन्सीधरला राजीखुशीनं देता का?"

"हं," आई म्हणाली. ते तुटकं होतं. तिची कूस अवघडली होती.

"होय म्हनली. लिवा साहेब," बन्सीधर म्हणाला.

दोन वर्षं ज्याला हा हुंहुं म्हणायचा, ते जमिनीचं नाव निघताच बोलणं झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अंगठ्याची शाई मी उचलून मागं ठेवली.

"थांबा साहेब," मी म्हटलं आणि आईकडं वळले. "माये, मी मेली का गं?"

"हं."

"हे साहेब तुझे जावई हाईत का?"

"हं."

"आपला बैल भाकरी थापतो का?"

"हं."

लिंबाजीमामा खाली बघून हसले. तलाठ्यानं पेनाला टोपण लावलं. "हा जबाब होत नाही, बन्सीधरराव. हा नुसता आवाज आहे."

बन्सीधर तोंडाला येईल ते बोलत त्याच्यामागं निघाला. जमीन तेवढ्यापुरती वाचली. मला लय बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण ती तिन्ही हं मला कळली होती. पहिल्यात ती म्हणाली, असं अभद्र बोलू नको. दुसऱ्यात, गप बस. तिसऱ्यात, चार लोकांत माझं हसू करू नको. कळत असूनही मी विचारत गेले. बन्सीधरनं तरी तिचं ऐकलंच नव्हतं. मी ऐकून खोटं पाडलं.

मी तांब्या घेऊन गेले. "माये, पानी?"

आईनं तोंड भिंतीकडं केलं.

त्याला आता तीन महिने झाले. बन्सीधरला शिव्या देऊन झाल्या, तलाठ्याला देऊन झाल्या, स्वतःला रोज देते. आई हं म्हणत नाही. तिला तहान कधी लागली ते मी अंदाजानं ठरवते.