तीन रविवार बायबलखाली

ओडेसा गिलियर्डच्या मुलाचं पत्र मार्चमध्ये आलं, ते मीच तिला वाचून दाखवलं. मी शाळेत शिकवते, त्यामुळे आमच्या चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या लोकांची पत्रं माझ्याकडेच येतात. ल्यूशियस युद्धावर इटलीत होता, बंदरावर फौजेचं सामान उतरवणाऱ्या आपल्या काळ्या पोरांच्या तुकडीत. तिथल्या एका मारामारीत गोरा सार्जंट मेला आणि आळ ल्यूशियसवर आला. फाशी ठरली होती. ‘आई, मी मारलं नाही,’ हे वाक्य त्याने पत्रात दोनदा लिहिलं होतं.

फाशी थांबवायची तर राष्ट्राध्यक्षांनीच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. अर्ज करायचं ठरलं. मंडळीचे कारभारी डीकन पर्व्हिस तेवढे म्हणाले, ज्याच्या फौजेत आपल्या पोरांनी दिलेलं रक्तसुद्धा गोऱ्यांच्या रक्तापासून वेगळ्या बाटलीत ठेवतात, तो माफी कसली देतोय.

ओडेसाने इस्त्री बाजूला ठेवली. “डीकन, त्याच माणसाने तुमच्या घरात वीज आणली तेव्हा बाटली नाही विचारलीत ती.”

तिचा विश्वास वेगळ्याच गोष्टीवर होता. ती म्हणायची, त्या माणसाचे पाय गेलेत. खुर्चीतून उठायला ज्याला दुसऱ्याचा हात लागतो, त्याला हात मागणारा कळतो. रेडिओवर राष्ट्राध्यक्षांचं भाषण असलं की आम्ही आमचे पाळक रेव्हरंड टॉलबर्ट यांच्या ओसरीवर जमायचो. बँका बुडाल्या तेव्हापासून युद्धापर्यंत तोच आवाज आम्हाला धीर देत आला होता. रेव्हरंड डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, “सूर नाही बिचाऱ्याला, पण श्वास कुठे घ्यायचा ते कळतं.” रेव्हरंडांच्या तोंडून ही फार मोठी शाबासकी होती.

कारण रेव्हरंड स्वतः उपदेश गात. सुरुवात साध्या बोलण्याने व्हायची, मग शब्द हळूहळू ताणले जायचे, वाक्याच्या शेवटी दमदार हुंकार यायचा, मंडळी तो उचलून धरायची, आणि पाहता पाहता बोलणं कधी गाणं झालं ते कळायचं नाही. मी आयुष्यभर त्या गाण्यावर जगले आहे. देवाचं घर मला डोळ्यांपेक्षा कानांनीच जास्त माहीत आहे.

आमच्या मंडळीची एक रीत होती. मोठ्या दारी जाणारा कोणताही कागद, मग तो जमिनीचा असो की कोर्टाचा, आधी तीन रविवार उपदेशपीठावरच्या बायबलखाली ठेवायचा. सगळ्यांनी येऊन त्याला हात लावायचा, प्रार्थना करायची, मगच तो टपालात टाकायचा. रेव्हरंडांच्या वडिलांनी ती रीत घातली, एस्तेर राणीच्या उपासावरून; बायबलमधली ही राणी आपल्या लोकांचे प्राण मागायला राजापुढे जाण्याआधी उपास करून थांबली होती. शनिवारी मी अर्ज लिहिला, ओडेसाने खाली सही म्हणून फुली केली, आणि रविवारी तो बायबलखाली गेला.

मला टपालाचं गणित येत होतं. फाशीचा दिवस पत्रात नव्हता, हेही मी वाचलं होतं. त्या रविवारी उपासनेनंतर रेव्हरंडांना सांगायचं, की हा कागद उद्याच जाऊ द्या, असं मनात घोकूनच मी बाकावर बसले.

पण त्या दिवशी रेव्हरंडांनी एस्तेर गायली. न बोलावता जाणाऱ्याला मरण ठरलेलं असताना राजापुढे जाणारी ती पोरगी, तो लांबच लांब दरबार. ‘गेले तर मरेन, पण जाईन,’ हे त्यांनी सात वेळा म्हटलं आणि सातही वेळा वेगळ्या सुरात. राजाने जीवदानाची खूण म्हणून सोन्याचा राजदंड पुढे केला तेव्हा ओडेसा उभी राहून दोन्ही हात वर करून रडत होती. मीही रडत होते. बाहेर पडले ती भरल्या मनाने, आणि काहीएक न बोलता घरी गेले. पुढचा रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा, ईस्टरचा होता. त्या आनंदात फाशीची गोष्ट कोण काढणार?

तिसऱ्या रविवारनंतर सोमवारी अर्ज टपालात पडला. गुरुवारी संध्याकाळी रेडिओने सांगितलं की राष्ट्राध्यक्ष गेले.

शुक्रवारी त्यांची शवपेटी घेऊन गाडी आमच्या गावावरून जाणार होती. कापसाच्या वखारीमागे रुळांच्या कडेला सगळी मंडळी रविवारच्या कपड्यांत उभी राहिली. गाडी दुरून दिसली. लोक रेव्हरंडांकडे पाहू लागले, कारण गीताची पहिली ओळ पाळकानेच द्यायची असते. रेव्हरंडांनी तोंड उघडलं. आवाज फुटेना. चाळीस वर्षं गाणारा माणूस टोपी हातात घेऊन नुसता उभा.

मग ओडेसाने ओळ दिली. जाड, बसका, इस्त्रीच्या वाफेने खरवडलेला आवाज. आम्ही मागून उचलली. गाडी अगदी सावकाश गेली. शेवटच्या डब्याच्या खिडक्यांतून झेंडा घातलेली पेटी दिसली. गाडी दिसेनाशी झाल्यावर ओडेसा मला म्हणाली, “त्यांनी अर्ज वाचला असेल का गं?”

असेल, मी म्हटलं. गुरुवारी सकाळी वाचला असेल.

जूनमध्ये, पीच उतरवायच्या दिवसांत, एका सरकारी कचेरीचं उत्तर आलं. रेव्हरंड तेव्हा ओडेसाकडेच होते, म्हणून मला त्यांच्यासमोर वाचावं लागलं. अर्ज मिळाला होता. परंतु शिक्षेची अंमलबजावणी चार एप्रिल रोजी झाली असल्याने विचार करता येत नाही.

चार एप्रिल, बुधवार. दुसरा रविवार होऊन गेला होता, तिसरा यायचा होता. कागद तेव्हा बायबलखालीच होता. रुळांकडेला ओडेसा गायली, तेव्हा तिच्या पोराला पुरून नऊ दिवस झाले होते.

अर्ज लवकर टाकला असता तर ल्यूशियस वाचला असता का, हे कुणी सांगू शकत नाही. रेव्हरंड गुडघ्यांवर बसले आणि ओडेसाला म्हणाले की दोष माझा आहे, ताई. माझाही आहे, हे तेव्हासुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.

ओडेसाने पत्र माझ्या हातातून घेतलं. वाचता येत नसूनही बराच वेळ पाहिलं.

“एस्तेर तीन दिवस थांबली होती, रेव्हरंड,” ती म्हणाली. “तीन रविवार नाही.”

रेव्हरंड पुढेही उपदेश करत राहिले, पण बोलून. बायबलखाली आता काही ठेवत नाहीत. मी अजून त्याच बाकावर बसते, आणि त्या दिवशीची एस्तेर मला शब्दन् शब्द पाठ आहे.