तीस अंशांच्या आत

मोजमाप नसतं, तर माणूस अजून गुहेतच राहिला असता, असं वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षकसाहेबांचं चौतीस वर्षांच्या नोकरीत मुरलेलं मत होतं. हे मत त्यांनी बायकोला ऐकवलं त्या मंगळवारी दुपारी त्यांच्या मोटरहोममध्ये एकेचाळीस अंश तापमान होतं आणि बेसिनवरचा आरसा, मागचा गोंद सुटून, बेसिनमध्येच उतरला होता. आरसा उचलत बायको म्हणाली, "गुहेत निदान गार तरी असतं."

बायको एका मोठ्या इस्पितळाची मेट्रन होती. तीही निवृत्तच, पण मेट्रन निवृत्त होते म्हणजे फक्त इस्पितळात जायची थांबते. चाळीस नर्सा आणि अकरा डॉक्टर तिने आयुष्यभर नुसत्या भुवईवर चालवले होते. नवऱ्याने सहा महिने चाकांवरच्या घरात राहायचा बेत मांडला, तेव्हा तिने वाद घातला नाही. "पंधरा दिवस बघू," एवढंच म्हणाली. नव्या पेशंटला देखरेखीखाली ठेवताना तिचा हाच सूर असायचा. मंगळवार हा त्या पंधरातला चौथा दिवस होता.

गाडी जुनी, पण धडधाकट होती. दोन बर्नरची शेगडी, जेवून झालं की पलंग होणारं टेबल, गुडघ्याएवढा फ्रीज आणि टपावर बसवलेला एसी. गाड्या लावायच्या त्या मैदानात प्रत्येक जागेला विजेचा एक खांब होता आणि त्या खांबाचा जीव बेताचा होता. त्यावर एसी चाले, किंवा किटली, किंवा फ्रीज. दोन गोष्टी एकदम लावल्या की खांबातून टक्क असा आवाज येई आणि सगळंच शांत होई. एकटा एसी लावला तर तो दिवसभर घरघरत छत्तीसपर्यंत जाई आणि तिथेच धापा टाकत बसे.

"मी एकच सांगते," आरसा जागेवर टेकवून मेट्रन म्हणाली. "शुक्रवारी दुपारी दोन वाजता आत तीसच्या खाली असेल, तर मी सहा महिने येते. कुरकुर न करता. नसेल, तर मला स्टेशनवर सोडा. मी ताईकडे जाते, तुम्ही फिरा तुमची भट्टी घेऊन."

"तीस म्हणजे तीस पूर्णांक शून्य ना?"

"तीस म्हणजे दुपारची झोप लागेल इतकं."

साहेबांनी वहीत 'तीस पूर्णांक शून्य' लिहिलं. झोपेचं लिहायचं राहिलं.

त्यांना हे किती हवं होतं, ते त्यांनी बायकोला कधी सांगितलं नव्हतं. चौतीस वर्षं ते ज्या दुकानात शिरले तिथला माणूस उठून उभा राहिला होता आणि त्याचा चेहरा पडला होता. कुठेतरी पोचावं आणि कुणाचाही चेहरा पडू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. गाडी एकट्याने चालवणं त्यांना सहज जमलं असतं. पण संध्याकाळी ब्रेक लावून "पोचलो बरं का" म्हणायला शेजारच्या सीटवर कुणीतरी लागतं, आणि त्यासाठी त्यांच्या डोक्यात मेट्रन सोडून दुसरं कुणी नव्हतं.

बुधवारी सकाळी ते कामाला लागले. आधी गाडीच फिरवली. मोठ्या खिडक्यांची बाजू उन्हाकडे होती, ती सावलीकडे आणायची होती. त्यासाठी अकरा वेळा मागे-पुढे करावं लागलं. शेजारच्या जागेत एक निवृत्त बसड्रायव्हर जुन्या कॅरव्हॅनमध्ये नऊ वर्षं मुक्काम ठोकून होता. बनियनवर, दार सताड उघडं टाकून, पाण्याच्या टबात पाय सोडून तो दिवसभर कापडी खुर्चीत बसे. अकराव्या खेपेला त्याने टबातून एक पाय बाहेर काढला.

"साहेब, मी सांगू? स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवा आणि एकदाच मागे या."

साहेब एकदाच मागे आले. गाडी बसली.

"पण उन्हाशी भांडण कशाला?" पाय परत पाण्यात घालत ड्रायव्हर म्हणाला. "ऊन आत येतंय ना? येऊ दे. तुम्ही बाहेर या."

"आम्ही भांडत नाही. मोजतोय."

"असं होय," ड्रायव्हर म्हणाला आणि टबातल्या पाण्यात पाय हलवत बसला.

मग साहेबांनी चंदेरी कागदाचा मोठा गुंडाळा आणला. एकेका खिडकीचा पुठ्ठ्यावर साचा काढला आणि मिलिमीटरपर्यंत मोजून कागद कापले. पुढची काच मात्र बाहेरून झाकली, कारण ऊन एकदा काचेतून आत शिरलं की पाहुण्यासारखं मुक्कामच करतं. टपावर पांढरी ताडपत्री ताणली. तिच्यात आणि टपात चार बोटांची फट ठेवली, वारा खेळायला. पहाटे पाचला सगळ्या खिडक्या उघडायच्या, टपातला पंखा लावून आतली शिळी हवा बाहेर फेकायची आणि आठच्या ठोक्याला सगळं बंद करून एसी लावायचा, असा नियम काढून दारावर चिकटवला. मेट्रनने तो वाचला आणि खाली 'वाचले' असं लिहून सही केली.

बुधवारी दुपारी दोन वाजता तेहेतीस पूर्णांक पाच.

हे मोजमाप ज्या थर्मामीटरवर झालं तो साधासुधा नव्हता. निवृत्तीच्या दिवशी खात्याने शालीऐवजी दिलेला, काचेचा, प्रमाणपत्रासकट. साहेब त्याला कुणाला हात लावू देत नसत. मेट्रनने आयुष्यात हजारो थर्मामीटर झटकले होते. हा एकच झटकायची तिला मनाई होती.

बाहेरचा शत्रू संपला तेव्हा साहेबांनी घरभेदी शोधायला घेतले. आतले दिवे काढले. स्वयंपाक आणि चहा बाहेर, छत्रीखाली. रात्रीपुरता चालणारा फ्रीजही बंद करून दूध ड्रायव्हरच्या फ्रीजमध्ये. तरी आकडा तेहेतीसवरून हलेना. गुरुवारी सकाळी मेट्रन पलंगावर कादंबरी वाचत पडली होती, तिच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"काय झालं?" तिने पुस्तक खाली केलं.

"अगं, एक माणूस नुसता पडून असला तरी शंभर वॅटच्या बल्बाइतकी उष्णता देतो."

"म्हणजे?"

"म्हणजे तू शंभर वॅट आहेस."

"छत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा काहीतरी गोड बोललात. आणि तुम्ही?"

"मी हालचाल जास्त करतो. मी एकशेवीस."

अशा रीतीने मेट्रन कादंबरी, पाण्याची बाटली आणि खुर्ची घेऊन झाडाखाली आली. ड्रायव्हरने दुसरा टब भरून तिच्यासमोर सरकवला.

"काय वहिनी, बाहेर काढलं का घरातून?"

"गाडी गार करायचं चाललंय, भाऊ. मी मध्ये येते."

साहेबांच्या लक्षात एक नवी अडचण आली होती. आकडा बघायला ते स्वतः आत गेले, की दार उघडताना बाहेरची झळ आत जाई आणि वर त्यांचे एकशेवीस वॅट. म्हणजे मोजणाऱ्यामुळेच माप बिघडत होतं. हा प्रकार खात्यात चालला नसता. त्यांनी एका खिडकीच्या कागदाला दोन बोटांची चीर पाडली, थर्मामीटर बरोबर तिच्यासमोर टांगला आणि बाहेर उभं राहून चिरेतून बॅटरीचा झोत टाकत आकडा वाचायचा, अशी सोय केली. भर दुपारी बॅटरी घेऊन स्वतःच्याच घरात डोकावणारा माणूस बघायला मैदानातली दोन-तीन मंडळी उगाचच त्या बाजूने फिरून गेली.

गुरुवारी एकतीस पूर्णांक एक. साहेबांनी रात्रीतून दाराच्या फटीला रबराची पट्टी लावली.

शुक्रवारी बाहेर बेचाळीस होतं. खुर्च्यांचे लोखंडी हात धरवत नव्हते. दोनला पाच मिनिटं असताना साहेबांनी ड्रायव्हरला साक्षीदार म्हणून बोलावलं. तो ओल्या पायांनी आला आणि त्याच्या पावलांचे ठसे मागे वाळत आले. बरोबर दोन वाजता साहेबांनी झोत टाकला, स्वतः वाचलं आणि त्यालाही वाचायला लावलं.

"एकोणतीस पूर्णांक चार," ड्रायव्हर म्हणाला. "जिंकलात, साहेब."

साहेबांनी आकडा वहीत लिहिला. ते झाडाखाली गेले आणि वही बायकोसमोर धरली. तिने चष्मा लावून आकडा वाचला.

"छान. आत कोण आहे आत्ता?"

"कुणीच नाही. म्हणून तर."

"मग गार कुणासाठी आहे?"

तिने हे रागाने विचारलं नव्हतं. वॉर्डात रिकाम्या खाटेवरची चादर का बदलली, हे ती जशी विचारत असे, तसंच विचारलं आणि पुस्तकात परत डोकं घातलं.

साहेब वही धरून उभे राहिले. तराजू शून्यावर नेमका आहे म्हणून छाती काढणाऱ्या दुकानदारांना ते चौतीस वर्षं एकच वाक्य ऐकवत आले होते: रिकामी पारडी सरळ राहतात हे बघायला मी आलेलो नाही, माल ठेवा. या वाक्यावर त्यांनी कितीतरी तराजू जप्त केले होते. आणि आज त्यांनी स्वतः माल बाहेर काढून, खुर्ची देऊन, झाडाखाली बसवला होता.

"साहेब, आकडा आलाय की," ड्रायव्हर हळूच म्हणाला. "दोन वाजलेत, तीसच्या खाली आहे, मी साक्षीला आहे. ठरल्याप्रमाणे झालं. वहिनी शब्द पाळतील."

पाळणार होतीच. तीच तर अडचण होती. साहेबांनी वहीतल्या आकड्यावर आडवी रेघ मारली.

"जा," ते बायकोला म्हणाले. "आत जाऊन झोप. तू असताना मोजू."

मेट्रनने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं, पानात खूण घातली आणि गेली. रबरी पट्टीचं दार फस्स करून बंद झालं.

साहेब खिडकीशी उभे राहिले. सव्वादोनला तीस पूर्णांक दोन. अडीचला तीस पूर्णांक नऊ. मानेवर ऊन कडाडत होतं, हातातली बॅटरी तापली होती. ड्रायव्हरने एक ओला टॉवेल आणून न विचारता त्यांच्या डोक्यावर टाकला.

"हरताय, साहेब."

"मोजतोय."

तीनला एकतीस पूर्णांक सात. चारला बत्तीस पूर्णांक सहा, आणि तिथे पारा थांबल्यासारखा झाला. सव्वाचारला दार उघडलं आणि मेट्रन पायरीवर आली. गालावर उशीच्या शिवणीचा वळ उठला होता.

"किती?" तिने विचारलं.

चिरेतून आकडा दिसला नाही, डोळ्यांत घाम गेला, बॅटरी संपली, असं काहीही त्यांना म्हणता आलं असतं. ड्रायव्हरने तर टबाकडे तोंड फिरवून त्यांना मोकळीकही दिली होती.

"बत्तीस पूर्णांक सहा," साहेब म्हणाले. "दोन अंश सहा दशांशांनी गेलं. सकाळची गाडी साडेनऊला आहे. मी सोडतो स्टेशनवर."

"चेहरा बघा कसा झालाय. दोन तास उन्हात उभे होतात?"

"सव्वादोन."

"बसा आधी," ती म्हणाली. त्यांची नाडी बघितली, मीठ-साखर घातलेलं पाणी प्यायला लावलं, टॉवेल पुन्हा भिजवून मानेवर ठेवला. साहेब ते पाणी घोट घोट घेत राहिले, जितकं लांबवता येईल तितकं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला साहेब नियमाप्रमाणे खिडक्या उघडायला उठले, तर मेट्रन बाहेर ताडपत्रीच्या घड्या घालत होती. तिची बॅग पलंगाखाली, होती तिथेच होती.

"स्टेशनला जायचंय ना?" त्यांनी विचारलं.

"कशाला? पुढे कुठे जायचंय ते नकाशात बघा. दुपारी मात्र तुम्ही बाहेर बसायचं. तुमचे एकशेवीस मला नकोत."

साहेब आत गेले आणि नकाशा उलटा धरून बसले.

सहा महिने ती बरोबर राहिली, आणि तिने खरंच कुरकुर केली नाही. खोटं माप दिलं असतं तर बायको गमावली असती, खरं दिलं म्हणून मिळाली, अशी या प्रकरणाची मांडणी साहेबांनी वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला ऐकवली. ऐकवताना त्यांचा आवाज दर वेळी त्याच ठिकाणी जड व्हायचा. तिसऱ्या महिन्यात साडूंचा फोन आला, तेव्हा त्यांनाही त्यांनी ती पहिल्यापासून सांगितली, दशांशांसकट.

साडूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ती आली नाही तेच बरं झालं," ते म्हणाले. "त्या आठवड्यात आमच्याकडचा एसी बंद पडला होता. हिने गुरुवारीच फोन करून सांगितलं होतं तिला. दुरुस्तीवाला पंधरा दिवसांनी आला."