शेजारची सीट

आरसा फुटला नव्हता, हीच तर पंचाईत होती. फुटला असता तर निदान भांडायला काही हाती लागलं असतं. पण नवऱ्याने तो गाडीतल्या उन्हाच्या झडपेतून अलगद सोडवून, पुसून, स्क्रूंच्या डब्यात सगळ्यात वर ठेवला होता, आणि त्या तळहाताएवढ्या काचेत तिला आता स्वतःचा एक डोळा आणि अर्धं कपाळ दिसत होतं. लग्नाच्या आधीपासून ती या आरशात केस सारखे करत आली होती — तो गाडी चालवायचा, ती शेजारी बसून झडप खाली ओढायची… “तेवढंच वजन कमी,” असं तो काल म्हणाला होता, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही असेल हे त्याच्या गावीही नव्हतं.

लाल, बुटकी, देखणी गाडी. गुळगुळीत रस्त्यावर मिरवायची चीज. ती त्याला रॅलीत, म्हणजे खडी नि चिखलाच्या रस्त्यांवरच्या शर्यतीत, पळवायची होती, आणि त्यासाठी गेलं वर्षभर तो तिला सोलत बसला होता. गालिचे गेले, मागची सीट गेली, आवाज अडवणारं डांबरी अस्तर त्याने छिन्नीने खरवडून काढलं. मग वेल्डरने आत जाड पाइपांचा पिंजरा बसवला, पोटाखाली जाड पत्रा आला, गाडी चार बोटं उंच झाली. पुढच्या दोन मऊ सीट दिवाणखान्यात भिंतीला टेकून पडल्या होत्या, आणि येणारा-जाणारा त्यांच्यावरच बसायचा. हे सगळं तिने हसून चालवून घेतलं. नवऱ्याला एखादं खूळ असलेलं बरं, नाहीतर तो स्वयंपाकघरात लुडबुडतो, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. पण शेजारच्या नव्या सीटवर धाकटी बसणार असं ठरलं, आणि ते मात्र तिला हसून चालवून घेता येईना.

धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण. जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढते. डोकं थंड, पोट दगडाचं. हिंदकळत्या गाडीत पुस्तक वाचेल आणि वर डबाही खाईल. शर्यतीत शेजारच्याचं काम तेच असतं: पुढची वळणं आधी लिहून आणायची आणि धावत्या गाडीत वाचून सांगायची, म्हणजे चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर आणि कान शेजारी. “तू बसशील का?” असं हिला मात्र कुणी विचारलं नाही. विचारायचं कशाला? हिला गाडी लागते हे साऱ्या खानदानाला ठाऊक. घाटात नुसती दुकानाची पाटी वाचली तरी हिला खिडकीबाहेर डोकं काढावं लागतं.

संशय? छे, छे. तो तसला नाही आणि धाकटी तर नाहीच नाही. संशय असता तर एका परीने बरं झालं असतं — आदळआपट करता आली असती, आईकडे जाऊन बसता आलं असतं. हे दुखणं सांगायचं तरी कुणाला? गेल्या रविवारी माळावरच्या सरावात तिने पाहिलं होतं. साखर सांगितली की साबण आणणारा हा माणूस, एक गोष्ट तीनदा सांगावी तेव्हा चौथ्यांदा “काय म्हणालीस?” विचारणारा, तो धाकटीच्या एकेका शब्दासरशी चाक वळवत होता. उजवं दोन म्हटलं की उजवं दोन. धुळीत उतरला, हेल्मेट काढलं आणि घाम पुसत म्हणाला, “हिने सांगितलं की रस्ता दिसतोच.” आणि मी? मी इतकी वर्षं बोलतेय ते काय भिंतीशी?… दिवसभर ती डोळ्यांच्या दवाखान्यात लोकांना चष्म्याचे नंबर काढून द्यायची. आता स्पष्ट दिसतं, की आता? परकी माणसं जिवाचा कान करून ऐकायची, विचार करून उत्तर द्यायची. घरी आल्यावर तिचा आवाज कुठे जायचा कोण जाणे.

“जरा बसतेस का आत?” गाडीखालून त्याचा आवाज आला. उद्या गाडीची तपासणी होती, धाकटी कचेरीत अडकली होती, संध्याकाळपर्यंत यायची नाही, आणि हेल्मेटांमधून एकमेकांशी बोलायची वायर तर आजच बघून घ्यायला हवी होती. तिने पर्स खिळ्याला अडकवली आणि पिंजऱ्याच्या पाइपांमधून वाकून आत शिरली.

सीट अरुंद होती. पट्टे त्याने आवळून दिले, पण पाय टेकवायची पत्र्याची पाटी धाकटीच्या लांब पायांच्या मापाने ठोकलेली, तिचे पाय अधांतरीच राहिले. हेल्मेटात धाकटीच्या केसांचा वास. त्याने इंजिन चालू केलं तसा सगळा पत्रा थरथरू लागला, बाहेरचं जग ऐकू येईनासं झालं, आणि अगदी कानाच्या आत तो म्हणाला, “तिची वही आहे बघ. वाच त्यातलं.” त्याने डोळे मिटले, हात चाकावर ठेवले. उभ्या गाडीत तो मनातल्या मनात तो रस्ता चालवणार होता.

“शंभर सरळ,” ती वाचू लागली. “डावं चार. उजवं तीन, वळण कापू नका, आत दगड.” आकडा लहान तितकं वळण अवघड, एवढं तिला ऐकून ऐकून माहीत झालं होतं. तिने डोळ्यांच्या कडेने पाहिलं — त्याचे हात हलत होते. तिने डावं म्हटलं की डावीकडे, उजवं म्हटलं की उजवीकडे. आणि गाडी उभी होती, म्हणून मळमळत नव्हतं! तिला हसू फुटलं. हे तर मलाही येतंय की! तिने पान उलटलं.

“दोनशे सरळ…” पुढे धाकटीच्या टपोऱ्या अक्षरात होतं: श्वास घ्या.

तो श्वास धरून ठेवतो, हे धाकटीला कसं कळलं? सुईत दोरा ओवताना धरतो. लग्नाच्या कागदावर सही करताना धरला होता. झोपेतही कधी कधी धरतो, मग ती कोपराने ढोसते आणि तो सोडतो. हे त्याच्या आईलाही माहीत नव्हतं, त्याला स्वतःलाही नाही. एवढी एक गोष्ट फक्त माझी होती. आणि ती इथे वहीत, खाली रेघ ओढून… मग तिला आठवलं. ओट्याशी उभं राहून, हसत हसत, तिनेच तर सांगितलं होतं धाकटीला. म्हणजे हेही मीच दिलं. फ्रॉक दिला, सायकल दिली, खिडकीची जागा दिली — तू मोठी ना, दे तिला — आणि आता तर कुणी मागितलंही नव्हतं.

“दोनशे सरळ,” ती पुन्हा म्हणाली. “श्वास घे.”

आणि कानात त्याने श्वास घेतला. लांब, खोल, आज्ञाधारक. उशीला उशी लावून झोपतानाही तो इतका जवळ आला नव्हता. क्षणभर तिला फार, फार बरं वाटलं. पण हा श्वास त्याने कुणाच्या शब्दावर घेतला?

पुढची ओळ होती: डावं एक. बाहेर दरी. तिने ती वाचली नाही.

त्याचे डोळे मिटलेलेच होते. पाय पॅडलवरून उचलला गेला, चाकावरची बोटं पांढरी पडली. “बोल,” तो म्हणाला. आता तो डोळे उघडेल, काय झालं म्हणून विचारेल, असं तिला वाटलं. त्याने उघडले नाहीत.

“बोल ना. ऐकतोय मी.”

किती वर्षांचं बोलायचं साठलं होतं — ते सगळं एकदम दाराशी आलं आणि त्यातलं काहीच बाहेर पडेना. जिभेवर होती ती फक्त धाकटीची ओळ. द्यायची म्हटली तर चार शब्द, पण तिने अंगठा त्या ओळीवर दाबून धरला. कानात नुसतं इंजिन घुमत होतं, आणि त्याच्या मागे काहीच नव्हतं; त्याने श्वास धरला होता. मनात त्याचेच शब्द: बोल, ऐकतोय मी. तिचाही श्वास छातीत अडकला, अधांतरी पाय आधार शोधू लागले. गाडी जागची तसूभरही हलली नव्हती, आणि तिला गाडी लागत होती.