डाळ शिजणारं पाणी

घर घेताना माणसाने तीन गोष्टी बघाव्यात. जागा कुठे आहे, कर किती आहे आणि सोसायटीचे नियम काय आहेत. कल्याणच्या जकात नाक्यावर कारकुनी करताना मी हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे. ऐकणारे मान डोलवत आणि आपापली घरं घेऊन मोकळे होत. मी मात्र १९८४ पासून बघतच होतो.

आम्ही नवराबायको डोंबिवलीत थोरल्या भावाकडे, श्रीपाददादाकडे राहत होतो. दोन खोल्यांपैकी बाहेरची आमची. मूलबाळ नव्हतं. माझी बायको मंदाकिनी लग्न होऊन आली तेव्हापासून वहिनीच्या ओट्यावर, वहिनीच्या हुकमाने स्वयंपाक करत होती. वहिनी वाईट नव्हती, पण मिठाची बरणीसुद्धा विचारून हलवावी लागे. मंदाला एकच गोष्ट हवी होती, स्वतःचा ओटा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिने मला तसं एकदा सांगितलं आणि पुन्हा कधी काढलं नाही. मी त्याचा अर्थ असा काढला की घाई नाही.

दर रविवारी आम्ही नवीन बांधकामं बघायला जायचो. माझ्या हातात वही, तिच्या पिशवीत सरबताची रिकामी बाटली. मी बिल्डरच्या माणसाला हद्द कुठली, पट्टी किती, स्टेशन किती मिनिटांवर असं उलटंसुलटं विचारत बसे, तोवर ही तिथल्या विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी बाटलीत भरून घेई. घरी आल्यावर आमच्या खोलीतल्या रॉकेलच्या स्टोव्हवर त्या पाण्यात मूठभर तूरडाळ शिजवायची. डाळ मऊ झाली तर घर चांगलं, नाही झाली तर सोडून द्यायचं. हे शास्त्र तिच्या आईचं. कोकणात म्हणे मुलगी देण्याआधी त्या गावच्या पाण्यात डाळ शिजते का ते बघत.

"मी इथे करांचे दर पाठ करतोय," मी म्हणायचो, "आणि तू मूठभर डाळीवर घर ठरवणार!"

ती हसायची आणि स्टोव्हला पिन मारायची.

पहिल्यांदा जीव अडकला तो खडवलीत. नदी जवळ, समोर शेतं, चार बिऱ्हाडांची बैठी इमारत. त्या पाण्यात डाळ अशी शिजली की घोटायलाही लागली नाही. मंदाने वाटीत काढून वर तुपाचा थेंब सोडला आणि माझ्यापुढे धरली.

"शिजली हो," ती म्हणाली. तिचा चेहरा तेव्हा कसा होता ते मी आत्ताही सांगू शकतो. तेव्हा मात्र मी वहीत बघत होतो. खडवलीत ग्रामपंचायत, म्हणजे घरपट्टी नावापुरती. नियमही नाहीत. पण रात्रपाळी सुटल्यावर परतायला गाडी नाही. मी काट मारली. तिने बाटली धुऊन खिडकीत पालथी घातली.

मग कळवा. जागा अव्वल, स्टेशन हाकेच्या अंतरावर, पण नियम एकतीस. गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत. दुपारी दोन ते चार कुटू नये. पाहुणा आठ दिवसांवर राहिल्यास कमिटीला लेखी कळवावे. मी ते तिला मोठ्याने वाचून दाखवले आणि आम्ही पोट धरून हसलो. खाडीकडचं पाणी, डाळही कच्ची राहिली. आमचं एकमत झालं ते तेवढं एकदाच.

टिटवाळ्याला डाळ शिजली, नियमही माणसाला झेपतील असे होते. पण ती जागा महापालिकेच्या हद्दीत. "आज हे गाव दिसतंय," मी म्हणालो, "उद्या कर शहराचा लावतील."

"अहो, कर राहणाऱ्याला लागतो," ती म्हणाली. "आपण राहतोय कुठे?"

हे बोलणं मला झोंबलं. मी तिला हद्द म्हणजे काय, पंचायत म्हणजे काय, हे अर्धा तास समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

अशी सहा वर्षं गेली. एकदा वहिनी जेवताना म्हणाली, "भावोजी, या जन्मी तुमची डाळ काही कुठे शिजायची नाही." सगळे हसले. मंदाही हसली, पण ताट अर्धं टाकून उठली.

१९९० च्या उन्हाळ्यात दुर्गाडीच्या पुलापलीकडे एक इमारत निघाली. हद्दीची पाटी मागे टाकून दोनशे पावलांवर, म्हणजे जकात नाही आणि कर पंचायतीचा. माझा नाका पुलाच्या अलीकडे, चालत वीस मिनिटं. नियम फक्त चार. मला नाव ठेवायला जागाच सापडेना, त्यामुळे मी अस्वस्थ होतो. मी पावलं मोजत पाटीपर्यंत गेलो, तेव्हा मंदा बोअरपाशी एका म्हाताऱ्या बाईशी बोलत होती. त्या मनुबाई. कोळ्यांच्या. बिल्डरने घेतलेली जमीन त्यांचीच, आणि शेजारचं जुनं घर तेवढं त्यांनी राखलेलं.

संध्याकाळी वाटी पुढे आली. डाळ लोण्यासारखी.

"शिजली हो," मंदा म्हणाली. वाटीकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

मी चव घेतली. जिची सहा वर्षं टिंगल केली, ती डाळ त्या दिवशी मला एकदम शास्त्रशुद्ध वाटली. "बघ, मी म्हणत नव्हतो? थांबलं की चांगलं मिळतं," मी म्हणालो. पुढच्या आठवड्यात सह्या केल्या. मंदाने बाजारातून वरण घोटायची नवी रवी आणली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि ट्रंकेत ठेवली. वहिनीकडे रवी होती. ही तिच्या ओट्यासाठी.

बिल्डरने वर्षाचा वायदा केला आणि अडीच वर्षं लावली. १९९२ च्या माघात एका सकाळी वहिनीच्या ओट्याशी कणीक मळता मळता मंदा खाली बसली ती उठलीच नाही. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. तिच्या बोटांना कणीक तशीच होती. ती वहिनीने ओल्या फडक्याने पुसली आणि पुसताना ढसाढसा रडली.

दसऱ्याला ताबा मिळाला. दादा म्हणाला, आता एकटा कशाला जातोस, इथेच राहा. मी ऐकलं नाही. एक खाट, एक ट्रंक, मंदाचा फोटो आणि कुकर एवढं घेऊन गेलो.

नव्या घरात पहिल्या दिवशी वरणभाताचा नैवेद्य दाखवायचा असतो. मला जमेल तेवढं मी करायला घेतलं. भात झाला. डाळ मात्र चार शिट्ट्यांनी शिजली नाही. पुन्हा चार दिल्या. ट्रंकेतून रवी काढली, कागद सोडवला आणि घोटायला लागलो, तर दाणे रवीखालून निसटून पातेल्यात गरगर फिरायला लागले. पाणी वर, डाळ खाली. पंपात काही बिघाड झाला असेल म्हणून खाली गेलो.

मनुबाई अंगणात सुके बोंबील निवडत बसल्या होत्या.

"मावशी, आज बोअरला काय झालंय का? डाळ शिजत नाहीये."

"आज?" त्यांनी मान वर केली. "आवं, या पान्यान डाल कंदी शिजलीच नाय. खाडीचा पानी ह्यो. रांधाला आमी वरच्या हिरीवरना आनतो."

"असं कसं? माझ्या बायकोने स्वतः शिजवून बघितली होती."

"तुजी बायको म्हंजे ती बाटलीवाली? तिला मीच सांगलं व्हतं. बाय, म्हनलं, या पान्यान डाल नाय शिजाची. तं तिनं माजा हात धरला. म्हनाली, मावशी, ह्यांना सांगू नका, नायतर ह्ये पन घर जायल. नि बाटली तिनं तितंच, त्या भितीशी वतून टाकली." त्यांनी माझ्या मागे बघितलं. "हाय कुटं ती? दिसली नाय."

"नाही ती. गेली," मी म्हणालो.

मनुबाईंच्या हातातला बोंबील खाली पडला. त्या आत गेल्या आणि गोड्या पाण्याची कळशी आणून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "ह्या पान्यान शिजव," म्हणाल्या.

कळशी घेऊन मी वर निघालो आणि अर्ध्या जिन्यात ती खाली ठेवली. पंचवीस वर्षं मी ट्रकमधला लपवलेला माल हुंगून काढला. पेंढ्याखालचे तेलाचे डबे काढले, तांदळाच्या पोत्यातलं कापड काढलं. आणि ही बाई डोंबिवलीच्या नळाच्या पाण्यात शिजवलेली डाळ माझ्या हातात देऊन माझ्या डोळ्यांदेखत पार झाली. तिला काही चांगलं पाणी नको होतं. मी आणखी एकदा काट मारू नये, एवढंच हवं होतं. मी तिथेच बसलो आणि रडलो. आमच्या चार नियमांतला तिसरा नियम, जिन्यात कोणी बसू नये. वरच्या मजल्यावरचा कोणीतरी उतरला, माझ्याकडे बघितलं आणि अंग चोरून निघून गेला.

वर आलो. कळशी झाकून कोपऱ्यात ठेवली. हे खारं पाणी माहीत असून तिने पत्करलं होतं, मग तिच्यापुढे ठेवायचं ते ह्याच पाण्यातलं. ओटा पुसला. पानावर भाताची मूद पाडली, वर ती डाळ घातली. दाणे मुदीवरून घरंगळले, ते उचलून परत ठेवले. तुपाचा थेंब सोडला आणि पान फोटोपुढे मांडलं.

"मंदा," मी म्हणालो, "शिजली गं."

मग माझं पान वाढून घेतलं आणि तिच्या ओट्याशी जेवायला बसलो.