पुठ्ठ्यावरची परीक्षा

"यांना सांगा, मशीन पुठ्ठ्यावर चालवायचं नसतं, डब्यात चालवायचं असतं," काउंटरवरून धाकटा फोटोग्राफरला म्हणाला.

"आणि त्यांना सांगा, पुठ्ठ्यावर चाललं तरच डब्यात घालायचं असतं," थोरला टेबलावरून गुरकावला.

फोटोग्राफर बिचारा आपला कॉम्प्युटर न्यायला आला होता. दुकान दोघा सख्ख्या भावांचं, पण वर्षभर बोलणं बंद. जे काय ते गिऱ्हाइकामार्फत. भांडणाचं मूळ थोरल्याचं टेबल. प्रत्येक कॉम्प्युटरचा मदरबोर्ड तो आधी त्या बोर्डाच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर उघडा मांडायचा, रॅम, पंखा, पॉवर सप्लाय जोडायचा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दोन पिना जुळवून चालू करायचा. धाकट्याच्या डोळ्यांत ते टेबल खुपायचं. त्याला तिथे तयार लॅपटॉपचं शोकेस हवं होतं.

"यांना म्हणावं, एक जरी मशीन बिघडलं तरी टेबल उचलणार."

"उचलून दाखव म्हणावं!"

थोरल्याने पिना जुळवल्या. पंखा गरगरला, पडद्यावर अक्षरं उमटली. "बघा डोळे भरून," तो फोटोग्राफरला म्हणाला, ऐकवलं मात्र भावाला. त्याच तोऱ्यात त्याने बोर्ड डब्यात, म्हणजे कॅबिनेटमध्ये, बसवायला घेतला. डबा नव्या मापाचा होता. तळाशी एक पितळी खुंटी जास्तीची होती, नेमकी बोर्डाला भोक नव्हतं तिथे. अशी खुंटी आधी काढायची असते, नाहीतर ती बोर्डाला खालून टेकते आणि शॉर्ट होऊन बोर्ड जळतो. हे थोरला झोपेतही विसरला नसता, पण आज तो भावाकडे बघत स्क्रू पिळत होता.

बटण दाबताच फट् आवाज झाला आणि जळका वास सुटला.

आता हा तोंडसुख घेणार, म्हणून थोरला दातओठ खात उभा राहिला. प्रत्येक शिवीला त्याच्याकडे उत्तर तयार होतं.

धाकटा उठून थेट टेबलाशी आला. डब्यात वाकून त्याने खुंटी पाहिली.

"दादा, दमलायस तू," तो म्हणाला. "घरी जा."

वर्षभरात पहिल्यांदा तो दादा म्हणाला होता. थोरल्याला त्या शब्दाचा भयंकर संताप आला. त्याने बोर्ड सोडवला, परत पुठ्ठ्यावर मांडला आणि पिना जुळवल्या. पुन्हा जुळवल्या. पंखा हलला नाही.

त्याने बोर्ड खोक्यात ठेवून झाकण लावलं. मग टेबलाचं आपल्याकडचं टोक स्वतःच उचललं आणि धाकट्याकडे न बघता, तो दुसरं टोक धरेल म्हणून थांबून राहिला.