काचेमागची कानबाई

मित्रांनो, मी एक जुना नारळ आहे. माझ्यातले पाणी केव्हाच आटले. हलवले तर आत सुकलेले खोबरे खडखडते. पण मला चांदीचे डोळे आहेत, नाकात नथ आहे. पारोळ्याजवळच्या एका खेड्यात भिकुबाईच्या सासूने मला ते लावले आणि मी त्या घरची देवी, कानबाई, झालो.

वर्षभर मी गव्हाच्या डब्यात निजत असे. श्रावणातल्या रविवारी भिकुबाई मला दोन्ही हातांनी उचलून चौरंगावर बसवी. बायका गाणी म्हणत. रोटाचा प्रसाद मात्र भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला कण नाही.

एके वर्षी लोकांच्या चालीरीती लिहून घेणारे एक साहेब आले. माणूस सालस. जोडे काढून ओसरीवर बसत. त्यांनी रोट चाखायला मागितला, तेव्हा भिकुबाई हसली. "रोट खावाना व्हई ते भाऊबंद व्हा, साहेब. मंग बांधवर भांडाले बी या!" साहेबही हसले.

पुढे ती माहेरी गेली असताना साहेबांनी मला मागितले. रीतीप्रमाणे घरधन्याला, तिच्या नवऱ्याला लोटनभाऊला, विचारले. तो फुलून गेला. "लई जा, साहेब. मन्हं घर ते तुम्हनंच शे." मला उचलणारे हात गावात नव्हते. त्यांची वाट कोणी पाहिली नाही.

नाशिकच्या एका संग्रहालयात मला काचेच्या कपाटात ठेवले. खाली चिठ्ठी लागली : 'नारळाची बाहुली. खानदेश.' लोक बघत आणि पुढे जात. श्रावण येत, जात. रविवारी तर संग्रहालय बंदच असे.

आणि एके दिवशी भिकुबाई आली. गोदेच्या स्नानाला आली होती. केस पांढरे झाले होते. कचेरीत तिने मला परत मागितले. नोंद झालेली वस्तू देता येत नाही, असे उत्तर मिळाले. मग चपला बाहेर काढून ती माझ्यासमोर उभी राहिली.

"आजी, काचेला हात लावू नका," पहारेकरी म्हणाला.

"नही लावत, भाऊ. नुसती बोलस." मग ती माझ्याकडे वळली. "माय, इतला वरीस व्हयनात, चौरंग रिकामा शे. सून म्हनस, नवं नारय बसाडूत. तुले इचाराले उनू. बसाडू का?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कोणी काही विचारले ते तिनेच. मी लगेच हो म्हटले. काच जाड होती. ती बराच वेळ थांबली, मग हात जोडून गेली.

तिने माझे उत्तर काय मानले, मला ठाऊक नाही. त्या घरी नवी कानबाई बसली असेल तर बरेच झाले.

तुम्ही कोणाच्या घरी काही मागायला गेलात, तर आधी विचारा, हे कोण उचलते? आणि ती माहेरी गेली असेल, तर ती येईपर्यंत ओसरीवर बसून राहा.