खांद्यावरची चार बोटं

मोरोपंत गेले त्याच्या आदल्या दिवशी घरात विशेष असं काहीच घडलं नाही. पापड वाळत होते, म्हैस रवंथ करत होती आणि तापातून उठलेले मोरोपंत पगडी घालून अंगणात फोटोसाठी बसले होते.

"पंतसाहेब, हिलना नहीं," काळ्या कापडातून उमाशंकर फोटोग्राफर ओरडला.

मोरोपंत थरथरत होते. माहेरी आलेली त्यांची लेक उमाबाई खुर्चीमागे उभी राहिली आणि तिनं त्यांचा खांदा धरला. "तोल सावरते, नाना."

"मागची म्हैस फोटोत नको हं," मोरोपंतांनी बजावलं. "देवास दरबारचा माणूस आहे मी, गवळी नव्हे."

"सब मिटा दूँगा, साहेब."

पहाटे मोरोपंत झोपेतच गेले.

तेरावा झाल्यावर उमाशंकर फोटो घेऊन आला. मागचं सगळं चुना फासल्यासारखं पांढरंशुभ्र. म्हैस नाही, पापड नाहीत, उमाबाईही नाही. मोरोपंतांच्या खांद्यावर मात्र चार बोटं, कुणाचीच नसलेली.

दुपारपर्यंत अर्धं देवास ओट्यावर लोटलं. गर्दी दिसली की नीलकंठबुवांना दृष्टांत होई, तसा आताही झाला. त्यांनी फोटो हाती घेऊन डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी त्यांना अधिक दिसे.

"हडळीची बोटं! रोज या घरात येते. नवऱ्याला खाऊन बसली आहे."

सगळ्यांच्या नजरा घरी पाणी भरणाऱ्या विधवा मालनकडे वळल्या. तिच्या कडेवरची घागर हिंदकळली. "मी काय केलं हो?"

"पाहा! हडळ कधी कबूल करत नाही."

"आणि कबूल केलं तर?" उमाबाईनं विचारलं.

"तर हडळच! काढा हिला गावाबाहेर, आत्ताच्या आत्ता."

दोघांनी मालनचे दंड धरले. उमाबाईनं आईकडे पाहिलं. माई पुटपुटली, "खरंच असेल, उमे. नाहीतर हे असे अचानक कसे गेले?"

उमाबाई मासिकं वाचणारी होती. एका मासिकात फोटोग्राफीवर लेख आला होता, तो तिला आठवला. "थांबा. ती बोटं माझी आहेत, दाखवते. उमाशंकरजी, फोटोची काच आणा."

काच आली. माणसाच्या आकृतीभोवती सगळीकडे लाल रंग फासलेला.

"हा कशाला?"

उमाशंकर ओशाळला. "ताई, रंगातून उजेड जात नाही, कागद वहाँ कोरा राहतो. म्हैस ऐसेही मिटाते हैं."

"आणि बोटं?"

"खांद्याला चिकटून होती. कुंचला फिरवता तो साहेबांचा अंगरखा कटला असता. सोचा, कोण बघतंय!"

उमाबाईनं ओल्या बोळ्यानं रंग पुसला. काच आणि तिच्याखाली फोटोचा नवा कागद लाकडी चौकटीत बसवून उमाशंकरनं ती उन्हात धरली. अधूनमधून तो एक कडा उचलून दाखवी. आधी म्हैस उमटली, कारण ती सगळ्यांत काळी.

"म्हैस!" कुणीतरी बुवांसाठी राखून ठेवलेल्या भक्तीनं ओरडलं.

मग पापड आले. मग उमाबाई आली, तिच्या हातासकट, चार बोटांसकट.

"हडळ रूप बदलते," बुवा म्हणाले.

"मग ती हडळ मी. काढा मला गावाबाहेर."

दरबारी माणसाच्या लेकीला हात लावायला कुणी पुढे आलं नाही. मालनचे दंड सुटले. बुवांना नेमावरला तातडीनं जायचं असल्याचं आठवलं.

"मग ते गेले कशानं?" माईनं विचारलं.

"हृदय थकलं होतं, माई. वैद्यांनी सांगितलं होतं, आपल्याला ऐकायचं नव्हतं." उमाबाई लोकांकडे वळली. "आपल्याला कळलं नाही, ते एखाद्या गरीब बाईच्या माथी मारू नका. आधी काच पुसून पाहा. काही दिसलं नाही तर 'ठाऊक नाही' म्हणा. त्यानं कुणाचं घर उठत नाही."

लोक पांगले. मालननं घागर उचलली. उमाबाई नवा फोटो घेऊन रिकाम्या खुर्चीमागे उभी राहिली. माई जवळच होती, तरी उमाबाई मोठ्यानंच बोलली.

"नाना, तोल सावरते म्हणाले ते खोटं होतं. मला तुम्हांला सोडवत नव्हतं."